बिनकामाचं चालणं

मैनाबाई चाळीस वर्षं एकाच जागी बसून बिड्या वळत आली होती. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बौद्ध वस्तीत तिचं घर, घराला ओसरी, ओसरीवर मैनाबाई आणि तिच्या मांडीवर तेंदूपानांनी भरलेलं सूप. दीक्षेच्या वर्षी ती नागपूरला जाऊन आली होती. त्यानंतरच्या दहा वर्षांत दुकान, दळण आणि नात्यातली लग्नं सोडली तर ती कुठे गेली नव्हती. सहासष्ट साली दसरा झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठायला गेली तर गुडघे उठेचनात. नवरा महागू राइस मिलमध्ये कामाला होता. त्यानं खाडा केला आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"उम्र?" डॉक्टरांनी विचारलं.

"पन्नास लिहा," मैनाबाई म्हणाली.

"साठ लिहा जी," महागू म्हणाला.

"पन्नास!"

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि पंचावन्न लिहिलं. मग म्हणाले, "रोज सुबह एक घंटा पैदल चलो, बाई."

"कुठं जाऊ?"

"कहीं भी."

"अन् तिथं जाऊन करू काय?"

"कुछ नहीं. वापस आ जाओ."

मैनाबाईला हे काही पटलं नाही. जन्मात ती बिनकामाची चार पावलं चालली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघाली, तर गल्लीच्या तोंडाशीच सुखराम भेटला. हा मागच्या गल्लीतला शेतकरी, जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारल्याशिवाय सोडत नसे.

"काहून मैनाबाई, इतक्या सकाळी?"

फिरायला निघाले असं सांगायची तिला लाज वाटली. साहेबांच्या बायका फिरायला जातात, बिड्या वळणाऱ्या नाही. ती बोलून गेली, "गाय शोधून राह्यली."

मैनाबाईकडे गाय नव्हती. पण सुखरामला ते कुठे ठाऊक! दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, कोणत्या रंगाची? "पांढरी," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी काही खूण विचारली. "एक शिंग मोडलं हाय," असं सांगून ती झपाझप पुढे सटकली. गुडघे इतके झपाझप चालू शकतात हे तिलाही तेव्हाच कळलं.

चौथ्या दिवशी ती परत येऊन टेकते न टेकते तोच अंगणात आरडाओरडा. सुखराम घामाघूम होऊन उभा, हातात दोर, आणि दोराला एक पांढरी गाय. शिंग एकच, दुसरं मोडलेलं.

"सापडली तुही गाय! नदीपासून ओढत आणली!"

गायीनं तेवढ्यात ओसरीवरच्या सुपात तोंड घातलं आणि भिजवलेली तेंदूपानं खायला लागली. मागून धापा टाकत गोदाबाई आली. ती नदीकडच्या गल्लीतली, अंगानं आडवी, आवाजानं मोठी.

"माही गाय काहून बांधून आणली रे, सुखराम?"

"तुही? हे तं मैनाबाईची हाय! चार दिवसांपासून शोधून राह्यली!"

दोघंही मैनाबाईकडे वळली. शेजारची सत्यभामा कुंपणावरून मान काढून ऐकत होती. आता सुटका नाही हे बघून मैनाबाईनं सगळं सांगून टाकलं: गुडघे, डॉक्टर, बिनकामाचं चालणं, सुखरामची विचारपूस. बोलता बोलता तिलाच हसू फुटलं. गोदाबाई तर हसत हसत अंगणातच बसली आणि पुन्हा उठेना. "अवं, माहे बी गुडघे गेले हायत," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या मले हाक मार."

"मले बी," कुंपणावरून सत्यभामा म्हणाली. सुखराम एकटाच रागावून निघून गेला.

तिघींचं चालणं सुरू झालं. कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात त्या वैनगंगेच्या काठानं जात. धान पिवळं होत आलेलं असायचं, त्याचा वास नाकात घ्यायच्या आणि उगाचच हसायच्या. आधी कोणी ओळखीचं दिसलं की पदर सावरून गंभीर व्हायच्या. आठवड्याभरात तेही सुटलं.

एक दिवस बैहरच्या रस्त्याला सीताफळं पिकली आहेत अशी बातमी सत्यभामानं आणली. बोलत बोलत त्या इतक्या लांब गेल्या की ऊन डोक्यावर आलं. ओच्यात सीताफळं भरली, मावतील तेवढी जागेवरच खाल्ली आणि मग लक्षात आलं, परत जायला पायात जीवच नाही.

उकव्याच्या खाणीकडून मँगनीजनं भरलेला एक ट्रक येत होता. गोदाबाई सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर मोतीलालनं डोकं बाहेर काढलं.

"अम्मा, मरना है क्या?"

"नाही रे बाप्पा, घरी जाना है!"

"केबिन में दो की जगह है."

दोघी आत आणि एक वर, हे तिघींनाही मंजूर नव्हतं. मोतीलाल आणि त्याचा क्लीनर प्रेमलाल यांनी मिळून एकेकीला ढकलत वर चढवलं. गोदाबाईला चढवताना ते दोघेही घामाघूम झाले.

ट्रक सुटला. तिघी काळ्या दगडांवर एकमेकींना धरून बसल्या. वारा असा की पदर हातात राहीना, खड्डा आला की तिघीही उडायच्या आणि किंचाळायच्या. झाडं धावत मागे पडत होती.

"अवं सत्यभामा," मैनाबाई ओरडून म्हणाली, "आपन तरण्या असतो तं असं बसू देलं असतं का कोनी?"

"सासूनं टांग तोडली असती!"

"म्हनून म्हनतो, म्हातारपन बेस हाय! इतकं बेस हाय हे कोनी सांगतलंच नाही मले!"

घरी पोचल्या तेव्हा मँगनीजच्या धुळीनं तोंडं काळीठिक्कर, फक्त दात आणि डोळे पांढरे. मिलला सुट्टी म्हणून घरी असलेल्या महागूनं दार उघडलं आणि विचारलं, "कोन पाह्यजे बाई?"

मैनाबाईनं हसत हसत एक सीताफळ त्याच्या हातावर ठेवलं. त्याला आवाजाआधी हसणं ओळखू आलं.

गुडघे पुढे बरे झाले असं नाही. थंडीत ते दुखत राहिले आणि ती चालत राहिली. दोन वर्षांनी महागूनं मिल सोडली. आठ दिवस घरात बसून कंटाळला आणि एका सकाळी अडखळत म्हणाला, "मले बी घेऊन चाला."

"तुम्ही हळू चालता," मैनाबाई म्हणाली. पण नेलं.

तिघींच्या बडबडीत त्याला वाटभर एक वाक्य बोलायला मिळेना, म्हणून तो चार पावलं मागे, हात पाठीशी बांधून चालायचा. एकदा नदीजवळ कटंगीची छोटी आगगाडी धूर सोडत शेजारून गेली. महागू थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर करून गाडीकडे बघत हलवले. पुढे चाललेल्या तिघींनी वळून पाहिलं, तर खिडक्या-खिडक्यांतून अनोळखी हात त्याला परत हलत होते, आणि तो आनंदानं उड्या मारायच्या बेतात होता.