कानातल्या हाडाचं माहेर

फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या घरी बिरडं सोलत होते. शहापूरहून दादाच्या शेजारच्या वहिनी बोलत होत्या. दादा सकाळी उठलाच नाही, एवढंच कळलं. परातीतले वाल तसेच राहिले... त्याच्यावर रुसून मला आठच दिवस झाले होते.

दादा कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. लग्न केलं नाही. आईवडिलांमागे त्याच भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. निवृत्तीनंतर त्याने एक खूळ घेतलं. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या अवयवांची एकच मांडणी करायची, मासळीपासून माणसापर्यंत. कोणता अवयव कशाचा भाग, कोणाचा भाऊबंद, सगळं लिहायचं. गल्लीतल्या जुन्या लग्नपत्रिका तो मागून आणायचा, कोऱ्या पाठीवर एकेक अवयव तारीख घालून लिहायचा आणि लाकडी खणांत लावायचा. गाईचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख आणि माझा हात एकाच खणात. बैलबाजारात त्याने एकाला सांगितलं, की बैलाचा पुढचा गुडघा म्हणजे खरं तर मनगट. तो माणूस म्हणाला, असू द्या मास्तर, चालतोय ना नीट? हे सांगताना दादा स्वतःच हसत सुटायचा. मटणवाला त्याच्यासाठी बोकडाची मुंडी राखून ठेवायचा आणि मी गेले की चहाआधी हातात कवटी यायची. मी कुरकुर करायचे. आता त्या कुरकुरीसाठीसुद्धा जीव तुटतो.

त्याचं अडलं ते कानातल्या हातोडीपाशी. आपल्या कानातलं हे चिमुकलं हाड सरड्याच्या जबड्यात असतं. पिढ्यान्‌पिढ्या सरकत ते आपल्याकडे कानात आलं. मग ते लावायचं कुठे? दादाचा नियम कडक. "एका अवयवाला एकच घर गो. दोन दिली का सगळा घोळ."

"मग आमी बायांनी काय करायचं रे?" मी म्हटलं. "मुरबाडला मी शहापूरची, आनि हितं आले का पावनी."

"तू काय हाड हायेस?" पत्रिकांतून मान वर न करता तो म्हणाला.

थट्टाच होती. पण आई गेल्यापासून त्या घरात माझी जागा उरली आहे की नाही, हेच मला कळत नव्हतं, म्हणून ती जिव्हारी लागली. चहा न घेता मी निघाले. फोनही केला नाही.

खोल्या रिकाम्या करायला गेले तेव्हा आधी कानाचा खण ओढला. हातोडी होती. ‘सासर कान. माहेर जबडा, तिकडेही पाहावे.’ जबड्याच्या खणात तिचीच दुसरी पत्रिका. ‘माहेर जबडा. सासर कान. दोन्ही घरं खरी.’ तारीख मी रुसून गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची. पत्रिका उलटली, तर माझ्याच लग्नाची. कोपऱ्यांना हळदकुंकू तसंच. इतकी वर्षं त्याने ती कामाला घेतली नव्हती...

खण आता मुरबाडला माझ्या कपाटावर आहेत. मांडणी कोण पुरी करील, ठाऊक नाही. शहापूरला आता माझं कोणी नाही. माहेरची आठवण आली की मी जबड्याचा खण ओढते.