स्टार्टरच्या पेटीतला राउटर

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आप्पासो मगदूम शेतीपंपाच्या स्टार्टरसाठी लोखंडी पेट्या बनवतात. विहिरीवरचा स्टार्टर चोरीला जातो, म्हणून शेतकरी तो जाड पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप घालतो. मगदुमांच्या पेटीत कुलूप आतल्या बाजूला बसतं, कटावणी लागू होत नाही. माणसांबद्दलचं त्यांचं मत या धंद्यात तयार झालं आहे.

त्यांची सून चंदना पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. मुलगा जिनेंद्र शिरवळच्या कारखान्यात असतो, महिन्यातून एकदा येतो. महिनाभर चंदनाचं इंटरनेट मीटिंगच्या मध्येच जात होतं. शेवटी साहेबांनी सांगितलं, की सोमवारची ग्राहकांबरोबरची मीटिंग नीट झाली नाही, तर पुण्याला येऊन ऑफिसात बसा. चंदना गेली की चार वर्षांची नात जाणार आणि घरात आप्पासो एकटे उरणार. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. यातलं काही ते बोलले नाहीत. राउटर मी बघतो, एवढंच म्हणाले.

इंटरनेटची लाइन देणारा लालासाहेब गल्लीतलाच. त्यानं जुना राउटर तापून बंद पडतो असं निदान केलं आणि नवा स्वस्तात देऊ केला. आप्पासोंना तिथंच संशय आला. बिघडवणारा हाच आणि विकणाराही हाच.

मग ते सांगलीत फिरले. पहिल्या दुकानदारानं चार अँटेना म्हणजे दुप्पट रेंज असं सांगितलं. आप्पासो उठले. दुसऱ्यानं सगळ्यात महागडा आधी दाखवला. तिथं ते बसलेच नाहीत. तिसऱ्या दुकानात काउंटरला रेश्मा नावाची मुलगी होती. तिनं सांगितलं, की अगदी स्वस्तातला घेऊ नका, त्याला एकच बँड असतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायमध्ये तो अडकतो. त्याच्या वरचा, दोन बँडचा घ्या; घराला तेवढा पुरतो. मग तिनं विचारलं, घर केवढं, भिंती कसल्या, राउटर ठेवणार कुठं.

"ते तुला कशाला पायजे?"

"रेंज त्याच्यावर ठरते, काका."

"घरात ठेवणार. भिंती हायत चार."

ती हसली आणि तिनं दोन बँडचा दिला. आप्पासोंनी खोक्याचं सील बघितलं, राउटरच्या पोटावरचा नंबर बिलावर लिहून घेतला. घराची माहिती काढणारी मुलगी त्यांना बरी वाटली नव्हती.

शनिवारी चंदना लेकीला घेऊन माहेरी गेली. लालासाहेबाचा माणूस येऊन राउटर जोडून गेला. त्यानं जाताना दोनदा वळून बघितलं, असं आप्पासोंचं म्हणणं. जुना राउटर लालासाहेबाचा होता, हा घरचा. उद्या कोणी येऊन बदलला तर कळणार कसं? त्यांनी कारखान्यातून एक लहान पेटी आणली, बाहेरच्या सोप्यात भिंतीला ठोकली, तळाच्या भोकातून वायरी घेतल्या, राउटर आत ठेवला आणि कुलूप घातलं. रविवारी रात्री चंदना झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन आली. झालं का, म्हणाली. झालं, म्हणाले.

सोमवारी मीटिंग सुरू झाली आणि मागच्या खोलीत चंदनाच्या स्क्रीनवरचं चित्र थिजलं. चंदनानं आतून आवाज दिला. आप्पासोंनी लालासाहेबाला फोन लावला आणि दिवे कुठले लागलेत ते सांगायला पेटी उघडली.

"आलं, आप्पा!" चंदना आतून म्हणाली.

आप्पासो फोनवर म्हणाले, "मी फोन केल्याबरोबर कसं सुरू झालं रं? म्हंजे बंद तूच केलंवतंस."

लालासाहेबानं शपथ घेतली. आप्पासोंनी पेटी लावली. चित्र पुन्हा थिजलं. त्यांनी पुन्हा उघडली, फोनवर पुन्हा बोलणी.

"आप्पा," लालासाहेबानं विचारलं, "राउटर ठेवलाय कशात?"

आप्पासोंनी फोन कट केला. मीटिंग संपेपर्यंत ते पेटीचं दार हातानं उघडं धरून उभे राहिले. वाऱ्यानं ते मिटत होतं.

चंदना बाहेर आली. पेटीकडं बघितलं, सासऱ्यांकडं बघितलं.

"ह्यात ठेवलावता?"

"चोरीला गेला असता."

"आणि मी पुण्याला गेले असते त्याचं?"

ते पाना आणायला गेले. तासाभरात राउटर तिच्या टेबलावर होता.

दुपारी साहेबांचा फोन आला. घरूनच करा, म्हणाले. आप्पासोंनी विचारलं, तोंडी का लिहून? चंदनानं मेल दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चांगलं झालं म्हणाले. मग अंगणात जाऊन त्यांनी जिनेंद्रला फोन लावला. पुण्याच्या कंपनीत परस्पर विचारून खात्री कर, हा मेल खरंच त्यांनीच पाठवलाय का. आणि चंदनाला यातलं काही बोलू नको.