झाकल्या चौकातला तीळ

जेवण झाल्यावर हेरंब दिवाणावर आडवा होतो, तेव्हा चौकातला लाउडस्पीकर ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणत असतो. संध्याकाळी अनावरण आहे. डोळे मिटतात, आवाज चालूच राहतो, फक्त आता तो उशीतून येतो.

या चौकाबद्दल थोडं सांगायला हवं. टांगे होते तेव्हा इथे घोड्यांना पाणी पाजायचा हौद होता, म्हणून तो हौद चौक. पुढे नगरपालिकेने हौद बुजवून सिमेंटच्या तीन माशांचं कारंजं बसवलं. ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं आणि पाहुण्यांना भिजवून कायमचं थांबलं. मग माशांच्या जागी नानासाहेब मुरूमकरांचा पुतळा आला. गावात नळ आणणारे ते हेच. मंत्र्यांची तारीख मिळेना, म्हणून नानासाहेब आठ वर्षं ताडपत्रीत उभे आहेत. रिक्षावाले चौकाला सरळ ‘झाकल्या’ म्हणतात.

नानासाहेबांचा फोटो म्हणाल तर एकही सापडला नव्हता. तेव्हा मूर्तिकार दिगूमामाने आपल्या सतरा वर्षांच्या भाच्याला, म्हणजे हेरंबला, मिसळीच्या बोलीवर समोर बसवलं, मनानेच त्याचं वय वाढवलं आणि वर पगडी-मिशा चढवल्या. पुतळा उभा राहिला त्याच महिन्यात मामा गेला.

आता तो दिवाणाच्या कडेला बसलाय.

“उजेडाकडे तोंड कर, हेऱ्या.”

हेरंब करतो. मेलेल्या माणसाला चहा विचारावा की नुसतं पाणी, हे त्याचं ठरत नाही. मामाच्या हातांना ओल्या शाडूचा वास आहे. दिवाणाची एव्हाना सलूनची खुर्ची झालीय आणि समोरच्या आरशात चौक दिसतो. तिन्ही मासे परत आलेत, तोंडं उघडमीट करतायत, पाणी मात्र नाही. टांग्यांचे घोडे रांगेत उभे आहेत आणि सगळे त्याच्याकडेच बघतायत.

मामा लाकडी परकार उघडून त्याचं कपाळ मोजतो, नाक मोजतो आणि खूश होतो. म्हणतो, अंदाज बरोबर आला बघ, पंचविशीत तू असाच निघशील असं धरलं होतं. मग परकार हनुवटीशी थांबतो.

“हा तीळ कधी आला?”

“कॉलेजात असताना. आई म्हणते, शुभ असतो.”

“पुतळ्यात नाहीये.”

हेरंब समजावू लागतो, की लोक पगडी बघतील, फोटो काढतील आणि वडे खायला जातील, तीळ कोण शोधतंय. मामा मान हलवतो. लोकांचं काही नाही, म्हणतो. नानासाहेब तिकडे बिनचेहऱ्याचे बसून असतात. रोज विचारतात, माझं तोंड कधी मिळणार. आज हार पडला की मिळेल. पण बसायला बरोबर बसलं पाहिजे.

“मग मी कोणतं लावून फिरू?”

“तेच तर. एका चौकात एक चेहरा दोघांना वापरता येत नाही. रहदारी अडते.”

हेरंब हसतो, कारण मामा जिवंतपणीही असलंच बोलायचा. मामा हसत नाही.

“मी आज चौकात येतच नाही,” हेरंब म्हणतो.

“चौक येईल.”

खुर्ची चौथऱ्यावर आहे. वरून ताडपत्री उतरत येते, तिला आठ पावसाळ्यांचा कुबट वास आहे. बाहेर दोरी कुणी ओढायची यावरून माणसं हळू आवाजात भांडतायत.

“मामा, त्यालाच एक तीळ लाव ना.”

“ब्रॉन्झ आहे रे ते. त्याच्यावर आता काही चढत नाही.” मामा अंगठा जिभेवर ओला करतो, लहानपणी त्याच्या गालावरचं काजळ पुसताना करायचा तसा. “तुझ्यात आणि त्याच्यात एवढाच फरक उरलाय. तुझा निघतो.”

अंगठा गार आहे.

आई त्याला हलवतेय. म्हणतेय, चहा निवला, पाच वाजत आले, माझ्या भावाचं काम बघायला घरातलं कुणी नको का. मग वाकून बघते.

“हनुवटीला काय रे हे, चिखल?”

शाडूची माती आहे, ओली, आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा. आई पदराने पुसते. माती निघून जाते, तरी ती पुसतच राहते, एकाच जागी, जिथे तीळ होता.

चौकातला लाउडस्पीकर सांगतो, हार आलेला आहे.