ब्लीचमध्ये भिजलेला पट्टा

कराटेच्या बाईंचा काळा पट्टा मी एकदा ब्लीचमध्ये भिजत घातला होता. आज नातीचे मोजे धुताना तोच वास आला. तेव्हा आम्ही रियाधला, अल मलाझ वस्तीत नवे होतो. नवरा दिवसभर हॉस्पिटलात, मी पडदे ओढून एसीची घरघर ऐकत बसलेली. वरच्या मजल्यावर रत्नागिरीच्या एका बाईंनी आपल्या हॉलमध्ये चार मुलींचा कराटेचा क्लास सुरू केला, आणि मी त्यांना पाणी देण्याच्या निमित्ताने रोज तिथे जाऊ लागले. दिवसभरात माणसांचा आवाज तेवढाच. असला पट्टा धुवायचा नसतो, हे या शहाणीला कुठून कळणार? घामाचा वास येतो म्हणून उपकार करायला घरी आणला आणि बादलीतून तपकिरी करून काढला. आता ते दारही बंद झालं, असं समजून दोन दिवस वर फिरकले नाही. आज तो क्लास अख्ख्या मजल्यावर चालतो, नातही तिथेच शिकते, पण तेव्हा, तिसऱ्या दिवशी, बाई स्वतः खाली येऊन म्हणाल्या होत्या, "भाभी, काळ्याच्या खालचा पट्टा तपकिरी. एक पायरी उतरवलीत मला. आता एकटीला चढायचा कंटाळा येतो, उद्यापासून माझ्या शेजारी उभ्या राहा."