बोअरच्या पाण्यातली काच

विश्रामबागेतल्या एका लहान लॅबमध्ये मी वीसेक वर्षं रक्ताच्या काचा रंगवतो आहे. काचेवर रक्ताचा थेंब पातळ ओढायचा, वाळवायचा, वर जांभळा रंग घालायचा, दोन मिनिटांनी त्यात बफरचं, म्हणजे आम्लता नेमकी राखणारं, पाणी मिसळायचं, मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. त्या दिवशी बफर संपलं होतं. नवीन करायचा कंटाळा केला आणि नळाचं, म्हणजे बोअरचंच पाणी घातलं.

काच शिराळ्याकडच्या एका फौजीची होती. आसामातून सुट्टीवर आलेला, थंडी वाजून ताप. बरोबर वडील. बोअरच्या क्षारांनी काच निळीशार उठली. अशा काचेत मलेरियाचे जंतू असले तरी दिसत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी 'आढळले नाहीत' असं लिहून दिलं.

"काय न्हाई न्हवं?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही."

"बघ! मिलिट्रीचा गडी, आन् गोधडीत कण्हतुय," ते पोराला म्हणाले. तो दात वाजवत हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, राहवेना म्हणून, फ्रिजमधलं त्याचं रक्त काढलं. बफर केलं, नीट रंगवलं. भिंगाखाली पहिल्याच नजरेत तांबड्या पेशींत जंतूंच्या बारीक अंगठ्या, एकेका पेशीत दोन-दोन. मेंदूत जाणारा मलेरिया. नंबर वहीत होता, फोन समोर होता. उचलला नाही. काल काय बघितलंत, विचारतील. नोकरी जाईल. कदाचित ताप उतरलाही असेल. चार वाजेपर्यंत मी दुसऱ्यांच्या काचा रंगवत राहिलो आणि फोन वाजला की दचकत राहिलो.

चारला लावला.

"आवं, दुपारपासनं सुद न्हाई त्याला. कराडला न्हेतुय." मागे गाडीचा आवाज होता.

"मलेरिया आहे, तिथल्या डॉक्टरांना सांगा!" मी ओरडलो. "आत्ताच दुसऱ्या तपासणीत सापडला."

आत्ताच, असं म्हणालो मी.

तो वाचला. महिन्याभरानं वडील गुळाची ढेप घेऊन आले आणि माझ्या पाया पडायला वाकले. "तुमी फोन केला म्हनून, सायेब." ढेप मी घेतली.

पोरगा अजून सुट्टीवर आला की भेटून जातो. बोलता बोलता मधेच अडतो, शब्द शोधतो. त्या आजारानंतर असं होतं, म्हणतो. दर वेळी वाटतं, आज विचारेल: काका, किती वाजता सापडलं होतं? त्यानं अजून विचारलेलं नाही.

दहाला. सकाळी दहाला सापडलं होतं.