किल्ल्यातले कांदेपोहे

अंधेरीला आमच्या चाळीच्या मागे, खाडीच्या तोंडावर एक किल्ला होता. पोर्तुगीजांच्या काळातला म्हणे. आम्हाला मेलं त्याच्या बुरुजावर पापड छान वाळतात एवढंच ठाऊक. मग एका कंपनीने डागडुजी करून त्याचं हॉटेल करायला घेतलं. गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेले आमचे हे तिथे चुना मळायला जाऊ लागले. हॉटेल उघडलं तेव्हा दारावर पाटी लागली : 'आतले अंगण दिवेलागणीपर्यंत सर्वांसाठी खुले.' खाली बारीक अक्षरात : 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.' मी वरचीच ओळ वाचली. खालची वाचायला चष्मा लागला असता, आणि तो मला तेव्हा नव्हता.

त्याच सुमाराला माझ्या नणंदेला बघायला वाकोल्याहून माणसं यायची होती. आधीची दोन स्थळं आमची खोली बघूनच परत गेलेली. एका खोलीत सात माणसं. पाहुण्यांनी बसायचं कुठे, आणि मुलीने पोहे घेऊन यायचं कुठून, कॉटखालून? हा मुलगा टेलिफोन खात्यातला. वन्संना फोटोतच आवडला होता. दिवसातून चारदा फोटो पुसायच्या, धूळ नसताना.

मी म्हटलं, "किल्ल्यात बोलावू या. अंगण सर्वांसाठी खुलं आहे ना? मग आपण कोण?"

सासूबाई घाबरल्या. "अगो, भायेर काढतले ते आमका!"

"काढू देत. संध्याकाळी बाहेरच यायचंय ना नाहीतरी?"

रविवारी सतरंजी घेतली, मोठा स्टीलचा डबा गरम पोह्यांनी भरला आणि वर टॉवेल गुंडाळला. दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "ह्यात काय?"

"बाळाचे कपडे."

"बाळ कुठाय?"

"यायचंय अजून. आधी लग्न तर ठरू दे!"

वन्संनी मला असा चिमटा काढला की बस.

मुलाची आई भलतीच कडक. कमान बघितली, कट्टा बघितला आणि भिंतीला टेकायला गेली. आमचे हे ओरडले, "टेकू नका, चुना लागेल! मीच मळलाय." तिने लगेच विचारलं, "घरी का नाही बोलावलंत?"

मी सरळ सांगून टाकलं, "मावशी, एका खोलीत आम्ही सात जणं. तुम्हाला बसवून आम्हाला बाहेर उभं राहावं लागलं असतं."

ती नुसती "हं" म्हणाली. त्या "हं"ने वन्संचं तोंड एवढंसं झालं. मनात म्हटलं, वाट लागली, हेही स्थळ गेलं.

वन्संनी डब्यातून पहिली बशी भरून तिच्या हातात दिली. तिने एक घास तोंडात टाकला, आणि समोरून कोट-टायवाला मॅनेजर येताना दिसला. मी डब्यावर टाकायला टॉवेल शोधू लागले. पण ती बाई! बशी पदराखाली, डब्याचं झाकण बंद आणि स्वतः डब्यावर. लुगडं पसरून अशी बसली, जणू किल्ला तिच्या आजोबांचा.

"मॅडम, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"कसलं खाणं?" तोंडात घास. ओठाला कोथिंबीर.

"फोडणी का वास आता है."

"तुमच्याच किचनातून येत असेल. बघा जाऊन, करपतंय काहीतरी!"

बिचारा खरंच आत पळाला. मुलगा हसला, वन्सं हसल्या, आणि हसता हसता दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघत राहिली.

"उठा आता मावशी," मी म्हटलं.

"उठू कशी? पाय वळलेत, खालून चटका बसतोय. हसतेस काय गं? सुनेला सांग, हात दे म्हणावं!"

कुठली सून? अजून बोलणीसुद्धा झाली नव्हती. पण वन्सं अशा झटक्यात पुढे झाल्या, की सासूबाईंना डोळे पुसायला पदर सापडेना. मग काय, मॅनेजर परत यायच्या आत सगळ्यांनी डब्यातच हात घालून पोहे संपवले.

डब्याचं झाकण जे चेपलं ते कायमचं. लग्नात रुखवतात मी तोच डबा लाडू भरून मधोमध ठेवला. विहीणबाई आल्या, पैठण्या सोडून थेट झाकणावर बोट ठेवलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "हे मी केलंय!"