महाघातचे पाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझ्या बहुतेक लबाड्या ठाऊक आहेत, एखादी वाढली असती तर तिने फार मनावर घेतलं नसतं – तरीही नाही सांगितलं. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर मधेच उठून चहा करून झाला, खिडकी लावून झाली, परत उघडून झाली. गोष्ट काय, तर चित्रातल्या पायांची. हसू येईल तुम्हाला. मलाही बरीच वर्षं येत होतं.

नव्वदीच्या दशकात पुण्यात कसबा पेठेत एका छापखान्याच्या माडीवर आम्ही एक कॉमिक काढायचो, ‘महाघात’. सुपरहिरो. कपाटाएवढे खांदे, मानेचा पत्ता नाही, दात कायम आवळलेले, आणि अंगावर इतके पट्टे नि पाकिटं की हा लढायला निघालाय की तिकिटं फाडायला, असा प्रश्न पडावा. परदेशी कॉमिक्समध्ये तेव्हा हीच लाट होती, आम्ही ती बिनदिक्कत उचलली. पोरं तुटून पडायची. जाणती मंडळी नाकं मुरडायची. पुढे तर त्या सगळ्या काळालाच कचरा म्हणायची पद्धत पडली. आणि आमच्या कचऱ्याची खास ओळख म्हणजे महाघातला पाय नसायचे. गुडघ्याखाली धूर, नाहीतर धूळ, नाहीतर सरळ काळा रंग.

चित्रं विलास काढायचा, पेन्सिलने. त्यावर शाई मी चढवायचो. हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो – शाई त्याच कागदावर, त्याच रेघांवरून चढते. वाळली की खालची पेन्सिल खोडरबराने पुसून टाकायची. संपादक खालच्या मजल्यावर बसायचे आणि तयार पानच बघायचे. म्हणजे विलासने मुळात काय काढलं होतं, हे त्याच्याखेरीज फक्त मी बघायचो. एवढं लक्षात ठेवा. मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केलाय, तुम्ही तरी ठेवा.

तर अलीकडे या कचऱ्याला बरे दिवस आलेत. तरुण मुलं-मुली रद्दीच्या दुकानांतून आमचे जुने अंक शोधून काढतात आणि त्यावर तासतासभर बोलतात. गेल्या महिन्यात त्यांनी एक कार्यक्रम ठेवला आणि आम्हा दोघांना बोलावलं. जाण्याआधी मी अंक पुन्हा वाचले. लाज वाटेल अशा तयारीने वाचले – आणि वाटलं होतं तितके वाईट नव्हते हो. महाघात बोलायचा ते सगळं भिकार, पण त्याच्या अंगाला वजन होतं. तो वळला की पाठ खरोखर वळायची. ज्या बारीक रेघांची मला तेव्हा घमेंड होती, त्या मात्र आता नुसत्या खरचटल्यासारख्या दिसतात. जे चांगलं होतं ते विलासचं होतं. आणि ही मुलं कशावर खूश आहेत? धुरावर. त्या धुरात म्हणे एक गूढ आहे.

ऋता नावाची मुलगी प्रश्न विचारत होती. पडद्यावर आमचं पान. “सर, हा स्मोक म्हणजे तुमची स्टाइल होती, की विलास सरांना फीट ड्रॉ करायला प्रॉब्लेम यायचा?” सगळे हसले. विलास पहिल्या रांगेत होता, तोही हसला. मी काय उत्तर दिलं ते सांगतो. पण आधी मागचं सांगायला हवं. टाळतोय का मी? टाळतोयच.

विलास पाय काढायचा. रविवारी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचा आणि गाडीची वाट बघणाऱ्यांचे पाय काढायचा – भेगाळलेल्या टाचा, चपलेतून अर्धवट निसटलेला पाय, उभ्याउभ्या दुसऱ्या पायाची पोटरी खाजवणारा पाय. परदेशी हिरो बूट घालायचे. विलासने महाघातला अनवाणी ठेवला. उडणारा माणूस कधीतरी खाली येणार आणि आला की पायांवरच येणार, असं त्याचं म्हणणं होतं.

पहिल्याच अंकात महाघात एका एसटीच्या टपावर उतरतो. ते पान माझ्यापुढे आलं तेव्हा मी जरा वेळ ब्रश उचललाच नाही. बोटं फाकलेली, अंगठा पत्र्यावर रुतलेला, टाच अजून टेकायची राहिलेली. त्या एका पायावरून कळत होतं की माणूस केवढ्या उंचीवरून आलाय. मी शाई चढवली. आणि बोटं भेंड्यांसारखी दिसायला लागली. पांढरा रंग लावून सुधारायला गेलो, आणखी बिघडलं. विलासचा पाय माझ्या हाताखाली मेला, आणि तो कोणी मारला हे त्या पांढऱ्या थरांवरून पान बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं. मग मी त्यावर धूर काढला. पुढच्या पानावर पाय होते, तिथे तर मी प्रयत्नही केला नाही. सरळ धूर.

असं अंकामागून अंक चाललं. तुम्ही म्हणाल, शाई जमली नाही, तेवढंच ना? तेवढंच असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

संपादकांनी विचारलं, पाय का दिसत नाहीत. मी म्हणालो, विलासला जमत नाहीत, मी झाकून घेतो. इतक्या सहज म्हणालो की मलाच ते खरं वाटलं. विलासने विचारलं, पाय कुठे गेले. त्याला मी म्हणालो, साहेबांना कच्चे वाटतात, त्यांनीच झाकायला सांगितलंय. तो भांडला नाही. भांडला असता तर खाली जाऊन विचारलं असतं आणि मी उघडा पडलो असतो. भीतीने काही दिवस माझं जेवणावर लक्ष नव्हतं. पण तो खाली गेलाच नाही. नंतर त्याच्या पेन्सिलमधले पायच अंधुक होत गेले, आणि एक दिवस पान आलं त्यात गुडघ्याखाली त्याने स्वतःच धूर काढला होता.

मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

पुढे नवी मालिका निघाली. पूर्ण माणूस काढता येईल असा चित्रकार हवा, म्हणून संपादकांनी ती मला दिली. मी घेतली. नायकाला बूट घातले. तिच्या जोरावर जाहिरातीत गेलो, नाव झालं, घर झालं. विलास शहराबाहेर मांजरी गावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायला लागला.

तर ऋताला मी म्हणालो, “पेन्सिलवाल्याची लाज राखणं हेच तर शाईवाल्याचं काम.” काय टाळ्या पडल्या! आता कसली भीती होती मला? संपादक केव्हाच वारलेत. छापखाना गेला. खरं बोललो असतो तर माझं काय गेलं असतं, एक संध्याकाळ? तरी तोंडातून तेच आलं, आणि टाळ्या संपेपर्यंत मला बरं वाटत होतं.

नंतर चहाला विलास माझ्याजवळ आला. रागावला असेल म्हणून मी आधीच घड्याळ बघायला लागलो होतो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“शरद, बरं बोललास. मी पोरांना हेच सांगतो. पाय जमत नसतील तर पुढे ऊस काढा, आमच्याकडे उसाला काय तोटा? तुझ्याकडूनच शिकलो ते.” मग म्हणाला, “तू सांभाळून घेतलंस म्हणून माझे तेवढे अंक तरी निघाले. कधी बोललो नव्हतो, आज बोलून टाकतो.”

मी म्हणालो, “अरे, त्यात काय.”

तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही. तो एसटीच्या टपावरचा पाय मला अजून बोटाबोटाने आठवतो. काढून बघतो, येत नाही. मांजरीची बस आमच्या दारावरून जाते. मी अजून तिच्यात बसलेलो नाही.

विलासला पाय काढता यायचे. माझ्या पाहण्यात तितके चांगले कुणालाच आले नाहीत. ते मी रोज पाहायचो, झाकायचो, आणि शाई वाळली की त्यांवर खोडरबर फिरवायचो.